नव्वद दिवस

बाबांचा नाटकाला विरोध नाही. आम्ही सांगलीचे, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथेच केलं, हे ते पाहुण्यांना चहाआधी सांगतात. त्यांची अडचण एवढीच, की मुलगी नक्की काय करते हे पाहुण्यांना सांगता येत नाही. मलाही येत नाही.

पुण्यात पहिलं काम मिळालं ते प्रायोगिक नाटकात. दोन महिने रात्री गच्चीवर तालमी, कारण दिवसा सगळे नोकरीवर. सुदर्शन रंगमंचावर तिसरी घंटा झाली तेव्हा विंगेत माझे पाय गार पडले होते. प्रयोगानंतर पाचशेची नोट हातात आली. ‘ही तुझी नाईट,’ दिग्दर्शक म्हणाला. नोट कमरेला खोचली आणि इतरांबरोबर नेपथ्याच्या लेव्हल्स टेम्पोत चढवल्या. नायिका होते मी त्या नाटकात.

प्रयोग बघायला आलेल्या एका विद्यार्थ्याने फिल्म इन्स्टिट्यूटच्या डिप्लोमा फिल्मसाठी विचारलं. स्मिता पाटील यांचा पडद्यावरचा प्रवासही १९७४ साली अरुण खोपकरांच्या ‘तीव्र मध्यम’ या डिप्लोमा फिल्मनेच सुरू झाला होता, त्यामुळे मी हवेत. पहिलं वाक्य मी शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलं. शेवटची रांग नव्हतीच. साउंडवाल्या मुलाने हेडफोन काढून कान चोळले.

‘ताई, काहीच करू नका,’ दिग्दर्शक म्हणाला.

आता काहीच करायचं नाही म्हणजे काय करायचं? दोन महिने गच्चीवर ‘आणखी दे, आणखी दे’ ऐकलेलं. त्यातून शूटिंगचा क्रम उलटासुलटा. आई गेल्यानंतरचं रडणं सकाळी उरकलं आणि आईची ओळख झाली दुपारी, जेवणाच्या रांगेत. छान होत्या. आधी भेटल्या असत्या तर बरी रडले असते.

त्या रात्री ‘कोर्ट’ हा सिनेमा पुन्हा लावला. गीतांजली कुलकर्णी नॅशनल स्कूल ऑफ ड्रामाच्या, रंगभूमीवर मुरलेल्या. पण त्यांची सरकारी वकील कोर्टात कलमं वाचते ती यादी वाचल्यासारखी, आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागते. एवढंच. मी तीनदा मागे नेऊन पाहिलं. अभिनय कुठे चाललाय ते सापडेना. माझ्या मते तोच अवघड प्रकार.

मग मुंबई. वर्सोव्याचं आरामनगर म्हणजे जुन्या बैठ्या बंगल्यांच्या गल्ल्या आणि दारोदारी ऑडिशन. पाटीवर नाव, वय, उंची. डावी बाजू, उजवी बाजू. कित्येकदा दारातच ‘नॉट फिट’. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तब्येत चांगली असल्याचं सांगितलं होतं.

अखेर एका छोट्या मराठी सिनेमात चार दिवसांचं काम मिळालं. साड्या स्वतःच्या आणायच्या, पैसे नव्वद दिवसांनी. नव्वदच का, हे कोणी सांगेना. सगळ्यांना ते ऋतूंसारखं पाठ होतं. मी कॅलेंडरवर गोल केला. बाबांनीही केला, सांगलीच्या घरातल्या कॅलेंडरवर, लाल पेनने.

आज एकशे सातवा दिवस आहे. रविवारी प्रयोग आहे. टेम्पोचं भाडं यावेळी सगळ्यांनी वाटून द्यायचं ठरलंय.