उंबऱ्याच्या बाहेर

कोल्हापूर, रविवार

चि. बाळीस,

रात्री साडेअकराला तुझ्या फाउंड्रीतल्या त्या मोल्डरच्या घरी जाऊन त्याची बाटली मोरीत ओतलीस, हे तू परवा फोनवर हसत सांगितलंस. मला काही हसू आलं नाही.

तू विचारलं होतंस एवढंच, की त्याला बहिणीच्या लग्नासाठी चाळीस हजारांची उचल द्यावी का. द्यावी. रजिस्टरात लिही, सही घे, हप्ता ठरव. सगळ्या कपाती मिळून अर्ध्या पगाराच्या वर जाऊ देऊ नकोस. कायदाही त्यापुढे जाऊ देत नाही. आणि त्याला दिलीस तशी उद्या दुसऱ्यानं मागितली तर त्यालाही त्याच नियमानं दे. बिनालिहिलेली उचल हा उपकार होतो, आणि उपकाराचा हप्ता कधी संपत नाही.

झालं उत्तर. पण हात थांबत नाही.

खंडेनवमीला तू सगळ्यांपुढे म्हणालीस, "आपण एका घरचे." पेढा तोंडात होता म्हणून मी गप्प राहिले. अगं, घरात कुणी ओव्हरटाइम मागतं का? तुझी माणसं मागतात, आणि मागायलाच हवा. घर म्हटलंस की मागणाऱ्याची जीभ अडखळते. आणि मालकीणबाई रात्री दारात उभी राहिली तर "उद्या या" म्हणायची सोय कुणाला आहे? तू बाटली ओतलीस तेव्हा तो गप्प राहिला, ते पटलं म्हणून की सोमवारी हजेरी लागायची होती म्हणून? तुला सांगता येईल?

हेन्री फोर्डनं 1914 साली दिवसाला पाच डॉलर देऊ केले, तेव्हा जग थक्क झालं. पण त्यातला निम्मा भाग, कामगार घरी नीट वागतो का, यावर अवलंबून होता. घर स्वच्छ आहे का, दारू किती, शिल्लक किती, हे बघायला कंपनीचे तपासनीस घरोघर जायचे. हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. आपलाही नव्हता.

आपला म्हणजे माझा. आमच्या फाउंड्रीत कास्टिंग घासणाऱ्या एका माणसाचा पगार मी त्याच्या बायकोच्या हातात द्यायला लागले होते. तीन महिने घरात धान्य वेळेवर आलं, आणि मी स्वतःवरच खूश. चौथ्या महिन्यात त्यानं काम सोडलं, दुसऱ्या फाउंड्रीत कमी रोजावर गेला. जाताना एवढंच म्हणाला, "वहिनी, तिथं पगार माझ्या हातात देत्यात." हे तुझ्या बाबांनाही ठाऊक नाही.

म्हणजे माया करू नये असं नाही. चौदा माणसं आहेत तुझ्याकडे. कारखान्यात दहा झाली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा विमा, लागतो, महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना. तुझा वाटा सव्वातीन टक्के, त्यांचा पाऊण. घरच्यांचाही इलाज त्यात होतो. आणि तू? शिपायाच्या बायकोच्या ऑपरेशनला स्वतःच्या खिशातून पैसे भरलेस, नि ईएसआयची कार्डं अजून काढलेली नाहीत! कार्ड दाखवून तो ताठ मानेनं दवाखान्यात गेला असता. आता तुझ्यासमोर वाकून उभा राहतो, आणि तुला ते गोड वाटतं. वाटतं ना? मलाही वाटायचं. हीच तर खोड आहे. दारूचं म्हणशील, तर व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता त्याला दिवसाउजेडी दे, उपचाराला पगारी रजा दे. जायचं की नाही, ते त्याचं तो ठरवेल. पिऊन भट्टीजवळ आला तर मात्र त्याच मिनिटाला घरी पाठव. तिथं दया नको.

आणि रात्री साडेअकराला एकटी स्कूटरवर? दादा म्हणतो, तू आठच्या आत जेवत नाहीस, फोन उशाशी घेऊन झोपतेस. डोळ्यांखालची काळी वर्तुळं मला फोटोतही दिसली. दहानंतर फोन बंद ठेवत जा.

आता म्हणशील, आत्या दुसऱ्यांच्या घरात शिरू नको म्हणते आणि स्वतः माझ्या उशापर्यंत येते. येते. कारण हे पत्र फाडून टाकलंस तरी तुझा पगार कापणारी मी कोण?

कार्डांचं मात्र या आठवड्यातच बघ.

तुझी,
आत्या