केसपेशी

आपण आईच्या पोटात असतानाच ती कामावर रुजू होते. रुजू झाली ती झालीच. तिच्या जागी पुढे नवी भरती नाही. गेली की जागा रिकामीच राहते.

राहते कानशिलाच्या हाडाच्या आत, अडीच वेढ्यांच्या एका नळीत. नळी उलगडली तरी साडेतीन सेंटिमीटरच्या पुढे फारशी जायची नाही. डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या आसपास. या बाईच्या जातीच्या एका कानात जेमतेम ३,५००. निसर्ग इथे एवढा चिक्कू का झाला, कोण जाणे. (शेजारच्या तीन रांगांतल्या बाहेरच्या केसपेशी संख्येने जास्त. त्या आवाजाच्या तालावर लांब-आखूड होत कंपन वाढवून देतात. खबर पोचवायचं काम मात्र हिचंच.)

डोक्यावर तंतूंचा तुरा. शाळेच्या प्रार्थनेला मुलं उंचीप्रमाणे उभी करतात ना, तसा. बुटक्या तंतूच्या शेंड्यापासून मागच्या उंच तंतूपर्यंत प्रथिनाचा एकेक धागा ताणलेला. कानाचा पडदा हलला, त्यामागची तीन हाडं हलली, नळीतल्या द्रवात लाट उठली की तुरा उंच तंतूंच्या बाजूला कलतो, धागा ओढला जातो आणि एक सूक्ष्म दार उघडतं. अगदी हलक्या आवाजाला हे कलणं अणूच्या मापाचं असतं. तुऱ्याभोवतीचा द्रव पोटॅशियमने भरलेला; दार उघडताच ते आत घुसतं आणि पेशीचा विद्युतदाब बदलतो. डोळ्यातल्या पेशीला एवढ्यासाठी रसायनांची साखळी हलवावी लागते. हिचं काम नुसत्या ओढीवर, म्हणून सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या आसपास उरकतं.

एवढं करून ही स्वतः आवेग काढत नाहीच. बुडाशी ग्लुटामेट या रसायनाच्या पुड्या सोडते आणि गप्प बसते. आवेग उठतो तो तिला चिकटलेल्या चेतातंतूत. आणि हे आवेग सगळे एकाच मापाचे. मालकंसातला षड्ज असो की रिक्षाचा हॉर्न, मेंदूकडे जातात ते एकसारखे ठोके; किती वेगाने आले आणि कुठल्या पेशीकडून आले, एवढाच फरक. आवाज म्हणून जो असतो तो हिच्या दारातच संपतो.

कुठल्या पेशीकडून, याला मोठा अर्थ आहे. नळीच्या तोंडाशी बसलेल्यांना बारीक, चिरका आवाज. आत टोकाशी बसलेल्यांना खर्ज. नळीतली लाट कशी धावते आणि प्रत्येक सुराची जागा कशी ठरते, हे दाखवणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशींना १९६१ साली नोबेल मिळालं. वय वाढतं तशा आधी खपतात त्या तोंडाशी बसलेल्या. ‘स’, ‘श’, ‘फ’ असल्या व्यंजनांची ओळख पटते ती बारीक स्वरांवर, म्हणून घरातले आजोबा म्हणतात, “ऐकू येतं रे, पण कळत नाही.” सून-नातवंडं त्याला हट्टीपणा समजतात. तो हट्टीपणा नव्हे.

औषधंही हिच्या मुळावर येतात. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन आणि त्याच्याच कुळातलं जेंटामायसिन त्याच सूक्ष्म दारातून आत शिरतं आणि तिला मारू शकतं. पण सर्वांत मोठा शत्रू गोंगाट. ८५ डेसिबल आठ तास, ही सोसण्याची मर्यादा धरतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पाव तास. कोंबडीच्या कानात मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवतात. आपल्यात नाही. डीजेच्या भिंतीसमोर तासन्‌तास नाचणाऱ्या पोरांना हे कोणीतरी सांगायला हवं.

मिरवणुकीला जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. स्पीकरपासून लांब उभे राहा, आणि कानात कापसाचे बोळे घालू नका, त्याने आवाज फारसा अडत नाही. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात, ते घाला.