लेक माहेरपणाला आली की

हॅमिल्टन,
12 एप्रिल

चि. बंड्यास,


नव्या घराचा व्हिडिओ पाहिला. मागचं दार उघडून तू लेक ऑन्टॅरिओ दाखवलंस, दोन बदकं दाखवलीस, सूर्योदयही दाखवलास. घर झकास आहे. पण बेसमेंटच्या जिन्यापाशी कॅमेरा नेलास आणि तिथूनच वळवलास. मला खाली उतरून विजेचा बोर्ड बघायचा होता. तो जमिनीपासून किती उंच आहे, ते आधी कळव. कौतुक मागाहून करते.

आत्यानं उत्साहावर पाणी ओतलं म्हणशील. म्हण. तळ्यानं ओतण्याआधी मी ओतलेलं बरं.

आपण सांगलीची माणसं. आयर्विन पुलाचे फूट ऐकत मोठे झालो. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे पाढ्यांसारखं पाठ. 2019च्या ऑगस्टात कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा तुझ्या बाबांनी एका रात्रीत हाताला लागेल ते माळ्यावर टाकलं आणि घर सोडलं. आठ-दहा दिवसांनी परतले, गुडघाभर चिखल उपसला, भिंती धुतल्या. नदीचा पूर अंगावर येतो, म्हणून माणूस पळतो.

त्याच वर्षी मे ते जुलै मी इथे, किनाऱ्यालगतच्या भाड्याच्या घरात, तळ्याचा पूर पाहिला. ना आवाज, ना धार. परसात एक काठी रोवली होती आणि रोज सकाळी तिच्यावर नेलपॉलिशनं खूण करत होते. दिवसाला बोटभर चढायचं, कधी तेवढंही नाही. जूनमध्ये पातळी 75.92 मीटरवर गेली. 1918पासूनच्या नोंदींत इतकी कधीच नव्हती, आणि तिनं मोडलेला 75.88चा विक्रम दोनच वर्षं जुना, 2017चा होता. इथे सगळे ‘लेक, लेक’ म्हणतात ते मला तेव्हा पटलं. माहेरपणाला आलेल्या लेकीसारखी ती आली, ऐसपैस बसली आणि तीन महिने हलली नाही.

‘पाणी सोडत का नाहीत?’ हा आपला सांगलीकरांचा प्रश्न मीही विचारला. तळ्यातून निघणाऱ्या सेंट लॉरेन्स नदीवर कॉर्नवॉलपाशी धरण आहे, आणि अलमट्टीवरून आपल्याकडे होतात तशीच भांडणं इथे त्याच्यावरून होतात. पण हिशोब कर. या तळ्याचा पसारा सुमारे 19,000 चौरस किलोमीटर. 105 टीएमसीचं अख्खं कोयना धरण यात रिकामं केलंस, तर पातळी सोळाएक सेंटिमीटर चढेल. वीतभरही नाही! म्हणजे वीतभर उतरवायला एका कोयनेहून जास्त पाणी बाहेर काढायचं, आणि वरून नायगारा ओतत असतोच. वसंतात खाली माँट्रियलकडे ओटावा नदीलाही पूर होता, त्यामुळे हात आखडता घ्यावा लागला. मग उन्हाळ्यात सेकंदाला 10,400 घनमीटर सोडलं. आपल्या भाषेत साडेतीन लाख क्युसेकच्या वर, तेही कित्येक आठवडे. तरी लेक उतरली ती तिच्याच सवडीनं. कुणी दरवाजा उघडेल या भरवशावर राहू नकोस.

आता माझी फजिती ऐक. तुझ्या बाबांना अजून सांगितलेली नाही.

बेसमेंटमध्ये पाणी आलं ते दारातून नव्हे, फरशीच्या सांध्यांतून. तळं चढलं की किनाऱ्याखालच्या जमिनीतलं पाणीही चढतं. पहिल्या दिवशी मी घाबरले. चौथ्या आठवड्यात घोट्याएवढ्या पाण्याची सवय झाली होती. एका दुपारी फ्रीजरमधला आंब्याचा रस आणायला अनवाणी निघाले. शेवटून दुसऱ्या पायरीवर होते. शेजारची म्हातारी वरून एवढंच ओरडली, ‘फ्रीजरचा आवाज येतोय!’ मी थबकले. फ्रीजर घुमत होता, म्हणजे वीज चालू होती. आणि त्याची वायर ज्या एक्स्टेंशन बोर्डात होती, तो पाण्याखाली होता. दिसत होता मला, चांगला स्वच्छ. रोज दिसत होता.

बंड्या, सांगलीत वाढलेल्या बाईला पाणी कळत नव्हतं असं नाही. सवयीनं माझी भीती गेली होती, पाण्यातला धोका तसाच होता. म्हणून बोर्डाचं विचारते. खाली पाणी दिसलं की उतरायचं नाही. मेन स्विचही पाण्यात उभं राहून बंद करायचा नाही; वीज कंपनीला फोन करायचा. बेसमेंटचं पाणी उपसणाऱ्या संप पंपाला बॅटरीची जोड घे, कारण वादळात वीज आधी जाते. आणि पाणी साठलंच तर एका दमात उपसू नकोस. बाहेरची ओली माती भिंतींना दाबत असते, आतलं पाणी एकदम गेलं की भिंत आत येते. दिवसाला एक तृतीयांश, फार झालं.

वाऱ्याकडे लक्ष ठेव. बातम्यांतली पातळी शांत पाण्याची असते. आपण तळ्याच्या पश्चिम टोकाला. पूर्वेचा वारा सुटला की तीनशे किलोमीटरचं पाणी आपल्याकडे लोटतो. 1844च्या ऑक्टोबरात शेजारच्या लेक ईरीचं पाणी वाऱ्यानं असंच बफेलो शहरात घातलं, आणि 78 माणसं गेली. तेव्हा इथल्या कॉन्झर्व्हेशन अथॉरिटीची पुराची सूचना आयर्विनच्या फुटांसारखी ऐक. ‘वॉच’ म्हणजे आपले 40 फूट, ‘वॉर्निंग’ म्हणजे 45. त्या दिवशी लाटांचे फोटो काढायला धक्क्यावर जायचं नाही. काँक्रीट वरून शाबूत दिसतं, खालची माती लाटांनी कधीच नेलेली असते. मे महिन्यातलं पाणी इतकं थंड असतं की पडल्या पडल्या श्वास अडकतो. पोहता येतं का, हा प्रश्न त्यानंतरचा.

विम्याचे कागद भिंग घेऊन वाच. गटाराचं पाणी उलटलं तर त्याची भरपाई वेगळी घ्यावी लागते, आणि तळ्याच्या लाटांनी केलेलं नुकसान बहुतेक वेळा वगळलेलं असतं.

पाणी अडवायला वाळूची पोती रचून ठेवू; त्यासाठी पुढच्या शनिवारी आम्ही दोघं येतो. पोती अर्धीच भरायची; गच्च भरलेलं पोतं दगडासारखं बसतं आणि फटी राहतात. तोंड दुमडून खाली घ्यायचं, विटांसारखे सांधे मोडत थर लावायचे, प्रत्येक थर पायानं चेपायचा. पोत्यांना लागलेलं पाणी गटाराचं समजायचं. काम झालं की आधी हात धुवायचे, मग चहा.

काठी मी घेऊन येते, तीच जुनी. नेलपॉलिशच्या खुणा अजून आहेत तिच्यावर. वरची खूण तुझ्या बेसमेंटच्या खिडकीशी लावून बघू.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. बोर्डाचा फोटो पाठव.

तुझी,
आत्या