पुतणीचा विषय आणि माझी सहा वर्षे

गेल्या महिन्यात थोरल्या बंधूंची मुलगी घरी आली. जीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली. म्हणाली, "काका, मला पीएच.डी. करायची आहे. पण विषय ऐकून पप्पा चिडलेत. तुम्हीच समजवा."

विषय विचारला. "शुक्राणूच्या शेपटीतले आयन चॅनेल," ती म्हणाली. माझी पत्नी चहा गाळत होती. तिचा हात थांबला.

मी बी.कॉम. झालेला कारकून. पोरीने मला कळेल अशा भाषेत सांगितले. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात. ती उघडली की सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे विद्युतभारित कण आतबाहेर करतात. हृदयाचे ठोके त्यावरच चालतात. शुक्राणूच्या शेपटीतही असे एक दार आहे, 'कॅटस्पर'. त्याचा शोध अमेरिकेत २००१ साली लागला. त्यातून कॅल्शियम आत गेले की शेपटी जोराने फटकारते, तेव्हाच शुक्राणू बीजांडाच्या आवरणातून आत शिरू शकतो. हे दार नसलेल्या नर उंदरांना पिल्ले झाली नाहीत. माद्यांना मात्र झाली. पुढे काही पुरुषांतही याच दाराच्या जनुकातला दोष अपत्य न होण्याचे कारण ठरला.

"म्हणजे पाइपात पाणी आहे, पण कॉक फिरत नाही?" मी विचारले.

"तसंच काहीसं, काका."

एका दारातून जाणारा प्रवाह एका अँपिअरच्या लाख कोटीव्या हिश्शाच्या आसपास असतो. तो बारीक काचेच्या नळीने मोजण्याची रीत नेहर आणि साकमान या जर्मन शास्त्रज्ञांनी काढली. त्यांना १९९१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ती बोलत होती आणि मला माझी सहा वर्षे आठवत होती.

आमचे लग्न २००६ सालचे. मूल होईना. पत्नीच्या तपासण्या झाल्या, औषधे झाली. हळदीकुंकवाला नाही, पण बारशाला तिला टाळू लागले. अंधश्रद्धेवर विहारात भाषणे करणारा मी, माझी स्वतःची एक साधी तपासणी करायला २०१२ साल उजाडले. दोष माझ्यात निघाला. शुक्राणूंची हालचाल फार कमी. मी तो कागद कपाटात ठेवला. बाया तिलाच 'वांझ' म्हणत राहिल्या आणि मी खाली मान घालून ऐकत राहिलो. तिने मला कधी एका शब्दाने दुखवले नाही. हे आज प्रथमच लिहितो आहे, तिला विचारून लिहितो आहे.

रविवारी बंधूंकडे गेलो. ते म्हणाले, "मुलीच्या जातीनं असले विषय? आणि पाच वर्षं पोसायचं कुणी?"

पैशाचा हिशेब हे माझे काम. मी कागद पुढे ठेवला. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली, तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, नंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे. या परीक्षेला बसण्यासाठी आपल्या मुलांना एम.एस्सी.ला ५५ ऐवजी ५० टक्के पुरतात. याशिवाय अनुसूचित जातींसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे आणि पुण्याच्या बार्टीचीही आहे. १९९० सालच्या दुरुस्तीने बौद्धांनाही केंद्राच्या सवलती मिळाल्या; म्हणून जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात काढावा, वैधता प्रमाणपत्रही आधीच घ्यावे. पैसे कधी कधी उशिरा येतात, म्हणून काही महिन्यांची तजवीज हवी. ती मी करीन, असे सांगितले.

जागाही लांब नाही. प्रजनन आणि बाल आरोग्यावर संशोधन करणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था परळलाच आहे. आमचे वडील बदली कामगार म्हणून गिरणीत जात, ते त्याच भागातून. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही जीवशास्त्राचा विभाग आहे. पोरीला एवढेच सांगितले, नुसते संस्थेचे नाव पाहू नकोस. मार्गदर्शकांचे काम वाच, त्यांच्या हाताखालच्या विद्यार्थ्यांना भेट, मग अर्ज कर.

बंधू गप्प होते. तेव्हा माझी पत्नी बोलली. "दादा, सहा वर्षं मी बोलणी खाल्ली. दोष कुठं आहे हे शोधायला कुणीतरी शिकलंच पाहिजे ना? आपली पोरगी शिकली तर काय बिघडलं?"

बंधू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पोरीला म्हणाले, "फॉर्म कधी निघतो?"

बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, तेव्हा त्यांच्याही घरी पैशाची ददात होती. आपल्या वस्तीत एम.एस्सी. झालेल्या मुली आज आहेत. त्यांचा विषय काय, हे एकदा बसून ऐका. दाखल्यांसाठी हेलपाटे घालायला आम्ही कारकून मंडळी आहोतच.

आणि घरात पाळणा हलत नसेल, तर आधी पुरुषाने तपासणी करून घ्यावी. माझ्यासारखी सहा वर्षे लावू नयेत.

जयभीम.