डबा बोलायला नको

मोबाईलवर एखाद्या पुरुष गायकाचा ख्याल लावा आणि थोडा वेळ फक्त तंबोऱ्याकडे लक्ष द्या. गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर असतो. तंबोऱ्याची शेवटची तार, म्हणजे खर्ज, त्याच्या निम्म्यावर, ६९च्या आसपास. फोनचा इवलासा स्पीकर दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली जवळपास गप्प असतो. तरीही खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण वरचे उपस्वर ऐकून मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. ती तार आपण ऐकत नाही, फक्त ओळखतो.

जळगावात दर जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. तिथे एकदा पुढच्या रांगेत बसून माईक सुरू व्हायच्या आधी तंबोरे लागताना ऐकले आणि खर्ज छातीत जाणवला. घरीही तो तसा ऐकायला मिळावा, एवढ्यासाठी मी स्पीकर बनवायला घेतले.

आमच्या खानदेशात साउंड चांगला म्हणजे मोठा. वरातीत डीजेच्या गाडीवर बेसचे किती डबे लावले, यावरून लग्नाचा थाट मोजतात. पण कानाचा हिशेब वेगळा आहे. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल वाढावे लागतात आणि त्यासाठी पॉवर दहापट लागते. शंभर वॅटचे हजार वॅट केले, तरी कानाला फक्त दुप्पट. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. वरात त्याच्या कितीतरी पुढे असते.

धुळ्यात पाच कंदीलजवळ रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे मी माझं डिझाईन घेऊन गेलो. आठ इंची कागदी कोनचा वूफर, एक इंची रेशमी ट्वीटर, आणि एलएम ३८८६ या चिपवर बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर. कागद बघून त्यांनी एकच गोष्ट सांगितली, "डबा बोलाले नको, गाणं बोलाले पाहिजे."

स्पीकरचा कोन पुढे आवाज फेकतो तसा मागेही फेकतो. मागचा आवाज खोक्यात कोंडतो. खोकं लहान असेल तर खालचे काही स्वर फुगतात, आणि भिंती पातळ असतील तर त्याही स्वतः वाजतात. त्यालाच आपण 'काय बेस आहे' म्हणतो. नेव्हिल थील यांनी १९६१मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात, दोघांनीही ऑस्ट्रेलियात, याचं गणित मांडलं. स्पीकरचे काही आकडे माहीत असले की त्याला किती लिटरचं खोकं लागेल ते काढता येतं. पुण्याच्या केडन्ससारखी कंपनी कागदी कोनऐवजी पातळ पडद्याने हवा हलवणारे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवते. तिथवर माझी उडी नव्हती. मी सुताराकडून अठरा मिलिमीटर प्लायची दोन बंद खोकी करून घेतली, आत आडव्या पट्ट्या मारल्या, रुई भरली. बोटाने ठोकलं की भिंतीवर ठोकल्यासारखं वाटेपर्यंत काकांनी ती पास केली नाहीत.

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सगळं रिकामे उद्योग वाटत होते. त्यांची उमेद डाळमिलमध्ये गेली. यंत्रांच्या आवाजात अठ्ठावीस वर्षं, आणि कानांना काहीच नाही. डॉक्टरांनी काढलेल्या आलेखात चार हजार हर्ट्झजवळ रेष खड्ड्यात पडावी तशी खाली गेलेली आहे. सततच्या गोंगाटाने कान जातात ते बहुतेक वेळा तिथूनच जायला लागतात. स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी त्याच वरच्या भागात असते. त्यामुळे कोणी बोलतंय हे नानांना कळतं, काय बोलतंय ते निसटतं. घरात टीव्ही कायम फुल असायचा.

त्यांच्या तरुणपणीचं संगीत म्हणजे जळगाव आकाशवाणीची मिडियम वेव्ह. तिच्यावर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही पोचतच नाही. ज्या माणसाने उभा जन्म एवढ्याच पट्टीत गाणी ऐकली आणि आता ज्याच्या कानाची पट्टी त्याहून आखूड झाली आहे, त्याच्यासाठी हाय-फायचा अर्थ काय उरतो?

याचं उत्तर काकांच्या त्या वाक्यात निघालं. खालचा जोरदार आवाज वरच्या नाजूक आवाजाला झाकतो, हा कानाचाच गुण आहे. उलट सहसा होत नाही. म्हणजे फुगलेला बेस सर्वांत आधी व्यंजनं गिळतो, आणि नानांकडे मुळातच ती थोडी उरलेली. व्हॉल्यूम वाढवला की झाकणही वाढतं. डबा गप्प झाला की त्याच आवाजात शब्द मोकळे होतात.

पहिल्या रविवारी मी जुनी भावगीतं लावली, टीव्हीच्या सवयीने जरा मोठ्यानेच. दोन गाणी झाल्यावर नाना म्हणाले, "बारीक कर भो जरा. ऐकू येऊ राह्यलं मले."

आमच्या घरात हे वाक्य कित्येक वर्षांत कोणी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

स्पीकर हा श्रवणयंत्राला पर्याय नाही. बोलण्यासाठी नाना आता यंत्र लावतात. गाण्याला मात्र काढून ठेवतात, कारण बोलण्यासाठी जुळवलेल्या त्या यंत्रातून तंबोरा त्यांना पत्र्यासारखा लागतो.

आमची ऐकायची पद्धत साधी आहे. दोन्ही फोन आतल्या खोलीत. दोन स्पीकर आणि आम्ही मिळून साधारण समभुज त्रिकोण होईल अशा जागी बसायचं. पंखा बंद, जळगावच्या उन्हाळ्यात जमेल तेवढा वेळ. एक गाणं पूर्ण, मध्ये पुढे ढकलायचं नाही. अभंग असला तर नाना मध्येच माझ्याकडे बघून विचारतात, "टाळ चालू झाले का?" टाळांची वरची झिळमिळ माझ्या ट्वीटरमधून निघते, पण त्यांच्यापर्यंत येत नाही. मी मान हलवतो. मग तेही मांडीवर ताल धरतात.