आकाशातील लोखंड

लोखंड भट्टीत गाळण्याची विद्या माणसाला साधली, त्याआधीच त्याने ते आकाशातून उचलले होते. इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या थडग्यातील एका खंजिराचे पाते उल्केच्या लोखंडाचे आहे, असे २०१६ साली संशोधकांनी दाखवून दिले. आपल्या देशातही असे उदाहरण आहे. १६२१ साली जालंधरजवळ आकाशातून धगधगता तुकडा पडला. जहांगीर बादशहाने उस्ताद दाऊद या कारागिराला त्याची शस्त्रे घडविण्यास सांगितले. परंतु ते लोखंड घणाखाली टिकेना, भुगा होऊ लागले. अखेर तीन भाग उल्केचे व एक भाग साधे लोखंड मिसळून तलवारी, खंजीर व सुरी सिद्ध झाली. बादशहाने स्वतःच्या आठवणींत हे लिहून ठेवले आहे. त्यांपैकी सुरी आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

हा सारा इतिहास मी धुंडाळला तो आंबिवलीतील आमच्या धर्मग्रामातील एका वयोवृद्ध गृहस्थांसाठी. उभे आयुष्य कारखान्यात काढलेला हा श्रद्धाळू माणूस. एका सायंकाळी ते कापडात गुंडाळलेला, नारळाएवढा काळा गोळा घेऊन आले. म्हणाले, “फादर, हा आकाशातला आहे म्हणतात. शहरातला एक व्यापारी याचे लाखो रुपये देणार. पण तपासणीच्या खर्चापोटी आधी पन्नास हजार भरायचे आहेत. तुम्ही आशीर्वाद द्या.” पैसे निवृत्तीच्या पुंजीतून निघणार होते. त्यांची पत्नी दाराशी उभी होती; ती काही बोलली नाही, पण तिची नजर माझ्यावर खिळली होती.

मी म्हणालो, “बाबा, आशीर्वाद अवश्य देईन, पण आधी हा गोळा नीट पाहू या.”

गोळ्याला लोहचुंबक चिकटले. त्यांचा चेहरा उजळला. परंतु चुंबकाची साक्ष अपुरी असते. आपल्या परिसरातील काळा कातळ ज्वालामुखीच्या लाव्हाचा. त्यातही चुंबकाला ओढणारे खनिज असते. मग आम्ही कानशीने एक कोपरा घासला. आत स्पंजासारखी बारीक छिद्रे दिसली. लोखंडी उल्का आतून भरीव असते. अशी छिद्रे भट्टीतल्या मळीत असतात. धातू वितळताना जो मळ वर तरंगतो व थंड झाल्यावर टाकून दिला जातो, तोच हा.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे हा आपल्याच एखाद्या भट्टीचा!” त्यांनी गोळा पुन्हा कापडात बांधला. पन्नास हजार रुपये घरातच राहिले.

मग खरी लोखंडी उल्का कशी ओळखावी? सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी सूर्याभोवती लहान लहान ग्रहपिंड तयार झाले. त्यांतील किरणोत्सारी ॲल्युमिनिअमच्या उष्णतेने काही पिंड वितळले. जड लोखंड व निकेल तळाशी, म्हणजे गर्भात गेले. हलका खडक वर राहिला. पुढे पिंड एकमेकांवर आदळले, फुटले आणि त्या गर्भांचे तुकडे अवकाशात विखुरले. त्यांतलाच एखादा कधी पृथ्वीवर येतो. असा तुकडा कापून, घासून, त्यावर सौम्य आम्ल सोडले की बहुतेक वेळा आडव्यातिडव्या पट्ट्यांची सुरेख नक्षी उमटते. व्हिएन्नाच्या विडमानस्टेटन यांनी ती १८०८ साली पाहिली. निकेलचे प्रमाण कमीअधिक असलेले दोन मिश्रधातू लाखो वर्षे सावकाश थंड होताना शेजारी शेजारी वाढतात, त्यांची ही नक्षी. कोणत्याही कारखान्यात ती घडविता येत नाही. भट्टीला तेवढी उसंत नसते.

अशी उल्का दुर्मिळच. नागपूर जिल्ह्यातील काटोलला २२ मे २०१२ रोजी उल्कावर्षाव झाला. तेही दगडी जातीचे पाषाण होते. ज्याला असे काही सापडेल त्याने व्यापाऱ्याकडे न जाता भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला कळवावे. देशातील उल्कांचे जतन हीच संस्था करते.

ख्रिस्तसभेलाही हा विषय परका नाही. कास्तेल गांदोल्फो येथील व्हॅटिकन वेधशाळेत अकराशेहून अधिक उल्कानमुने आहेत. त्यांतील मोठा भाग एका फ्रेंच सरदाराच्या विधवेने १९३५ साली दिला. येशूसंघाचे ब्रदर गाय कॉन्सोल्मान्यो यांनी नमुन्यांना इजा न करता त्यांची घनता मोजली. २०२५ पासून या वेधशाळेचे संचालक गोवा प्रांताचे येशूसंघीय फादर रिचर्ड डिसोझा आहेत, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट.

तेथे उल्केची पूजा होत नाही आणि बाजारही होत नाही. तिला प्रश्न विचारले जातात. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९ आठवा. इफिस नगरीत आकाशातून पडलेल्या मूर्तीचा मोठा महिमा होता आणि तिच्या देवळावर देमेत्रिय सोनाराचा धंदा चालत होता. पौलाच्या शिकवणीने तो धंदा धोक्यात आला, तेव्हा सारे शहर खवळले. आकाशातून पडलेल्या वस्तूभोवती भाविकता व नफा यांची गाठ पडली की सत्य विचारणारा नकोसा होतो. परंतु सत्य शोधणे हाही निर्मात्याचा सन्मानच होय.

आणि मुळात आकाशातले नसलेले लोखंड आहे कोठे? लोखंडाचा प्रत्येक कण ताऱ्यांच्या पोटात व त्यांच्या स्फोटांत घडला. उल्केतला, रेल्वेच्या रुळातला, त्या गोळ्यातला आणि आपल्या रक्तातलाही. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेताना आपण माती आहोत हे आपण मान्य करतो. त्या मातीत परमेश्वराने तारे मिसळले आहेत, हेही त्या दिवशी आठवावे. ते विकत घेण्यासाठी कोणालाही पन्नास हजार मोजावे लागत नाहीत.