रोज एक ट्यूब

गेल्या महिन्यात ऑफिसात एक तक्ता करायचा होता. आमच्याकडे देखभालीला असलेल्या तीन इमारतींतले दिवे पुढच्या पाच वर्षांत कधी, किती बदलायचे आणि त्याला खर्च किती येईल, एवढंच. पंधरा-सोळा वर्षं हेच काम करतोय, दोन तासांत संपायला हवं होतं. चार दिवस लागले. 'मजुरी' या रकान्यापाशी आलो की हात थांबायचा. का, ते सांगतो.

अब्बा पुण्यात, लष्कर भागातल्या एका व्यापारी संकुलात वायरमन होते. खाली दुकानं, वर चार मजले ऑफिसं, तळघरात पार्किंग. पॅसेज, जिने, संडास आणि पार्किंग मिळून सामायिक जागेत 360 ट्यूबा. सगळ्या चार फुटी, जाड्या, 40 वॅटच्या. सकाळी नऊला लागायच्या, रात्री अकराला बंद व्हायच्या. वर्षाचे झाले साधारण 5,000 तास. त्या काळच्या ट्यूबचं आयुष्यही 5,000 तासच धरलं जायचं. म्हणजे सरासरी रोज एक ट्यूब जाणार. अब्बांना हे गणित मांडायची गरज नव्हती. घरी आले की अम्मी विचारायची, "आज कितनी बार चढे?" ते म्हणायचे, "एक." दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात, "पाच."

आता हे 5,000 तास म्हणजे काय, ते मला डिप्लोमाला गेल्यावर कळलं. प्रत्येक ट्यूब तेवढी चालते असा त्याचा अर्थ नाही. मोठ्या संख्येने ट्यूबा एकदम लावल्या तर निम्म्या मरायला जेवढे तास लागतात, ते तिचं आयुष्य. सुरुवातीला एखाददुसरीच जाते. साधारण 70 टक्के तास उलटले की मात्र रांग लागते. आणि ट्यूब मरण्याच्या आधी म्हातारी होते. टोकं काळी पडतात, उजेड कमी होतो, पण मीटर जवळपास तेवढाच फिरतो. शेवटी ती फडफडायला लागते. स्टार्टर बिचारा पुन्हा पुन्हा तिला पेटवायला बघतो, चोक तापत राहतो. बऱ्याच वेळा ट्यूब बदलायला जावं तर स्टार्टर आणि चोकही गेलेले असतात.

म्हणून परदेशी पुस्तकांत सांगितलेलं असतं, की एकेक बदलू नका. मजलाच्या मजला एकदम बदला, मेल्या नसतील तरी बदला.

अब्बांनी ही पुस्तकं पाहिलेली नव्हती. सातवीपर्यंत शिकलेले. पण ट्यूब लावताना तिच्या पत्र्याच्या टोपीवर ते मार्कर पेनाने तारीख घालायचे. बाकीचे वायरमन हसायचे. एकदा रंगकामाच्या वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या ट्यूबा एका आठवड्यात नव्या लावल्या होत्या, आणि पुढच्या वर्षी त्या सगळ्या दीड-दोन महिन्यांच्या अंतराने गेल्या. हे अब्बांना त्या तारखांवरून दिसलं. "एकसाथ आए थे, एकसाथ गए," म्हणाले. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात ते बसलं.

त्याआधीची एक गंमत सांगतो. तिसऱ्या मजल्यावर अंधार वाटतो, तिथे आणखी बारा पट्ट्या लावा, असं कमिटीत ठरत होतं. अब्बा रविवारी गेले, धुण्याचा सोडा कोमट पाण्यात घातला आणि पॅसेजच्या फक्त डाव्या बाजूच्या पट्ट्या अन् ट्यूबा काढून, धुऊन, सुकवून पुन्हा लावल्या. उजवी बाजू तशीच ठेवली. सोमवारी सेक्रेटरींना मधोमध उभं केलं आणि काही बोलले नाहीत. बारा पट्ट्यांचा विषय तिथेच संपला. दिव्यावरची धूळ उजेड खाते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती किती खाते हे कोणी शेजारी-शेजारी पाहिलेलं नसतं. माझ्या आजच्या प्रत्येक तक्त्यात 'धुणे' हा वेगळा रकाना असतो, तो तिथून आला.

2004 साली मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. अब्बांनी कमिटीला सांगितलं, माझा मुलगा हिशोब मांडून देईल, सगळ्या ट्यूबा एकदम बदलायचं तुम्हीच ठरवा. मला केवढा अभिमान वाटला होता! दोन रात्री बसून मी तो मांडला. आजही पाठ आहे.

एकेक बदलायच्या तर वर्षाला 360 ट्यूबा, 35 रुपयांप्रमाणे 12,600. प्रत्येकीला अर्धा तास: तक्रारवही बघा, स्टोअरची किल्ली आणा, घोडा उचलून न्या, चढा, उतरा, घोडा परत ठेवा. म्हणजे 180 तास. अब्बांचा पगार 5,200, तासाला 25 रुपये पडत होते. हेल्परचे 15. दोघांचे 40. मजुरी झाली 7,200. एकूण 19,800.

एकदम बदलायच्या तर 70 टक्के आयुष्यालाच काढायच्या, म्हणून वर्षाला 514 ट्यूबा लागणार, 17,990 रुपये. पण रांगेत काम केलं तर एकीला सहा मिनिटं पुरतात. मजुरी फक्त 2,056. मधेच जाणाऱ्या चाळीसेक ट्यूबांसाठी काढलेल्यांतल्या चांगल्या जपून ठेवायच्या, म्हणजे त्यांची फक्त मजुरी, 800. एकूण 20,846.

एकेक बदलणं वर्षाला हजार रुपयांनी स्वस्त!

मी तीनदा तपासलं. पुस्तकातलं गणित परदेशात सुटत होतं, कारण तिथे ट्यूब स्वस्त आणि माणूस महाग. आमच्याकडे माणूस एवढा स्वस्त होता की त्याला रोज शिडीवर चढवणंच परवडत होतं. मी प्रामाणिकपणे तोच आकडा कागदावर लिहिला. कमिटीतल्या एका व्यापाऱ्याने कागद पाहून मला शाबासकी दिली. "पोरगा हुशार आहे," म्हणाला. "शिवाय चालू ट्यूबा काढून फेकायच्या म्हणजे..." सगळे हसले. अब्बाही हसले. घरी येताना ते एवढंच म्हणाले, की हिशोब बराबर आहे.

हिशोब बराबर नव्हता. जळालेले चोक मी धरले नव्हते, स्टार्टर धरले नव्हते. पण ती किरकोळ चूक. मोठी चूक त्या 40 रुपयांत होती. अर्धा तास दोन माणसं, असं मी लिहिलं होतं, आणि अब्बांच्या बरोबर दुसरा माणूस क्वचितच असायचा. हेल्पर पाण्याच्या पंपावर, नाहीतर लिफ्टपाशी, नाहीतर कोणाच्या तरी दुकानात फर्निचर हलवायला. अब्बा एकटेच घोडा उचलायचे. हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. तरी कागदावर मी हेल्पर मांडला, कारण पुस्तकात दोन माणसं होती. खरं एकच माणूस धरला असता तर एकेक बदलणं आणखी स्वस्त निघालं असतं, ही त्यातली आणखी एक गोष्ट.

2006 च्या पावसाळ्यात तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधल्या जिन्याच्या टप्प्यावर अब्बा पडले. जिन्याचा टप्पा ही सगळ्यात वाईट जागा. घोड्याचे चारही पाय सपाटीवर बसवावेत तर ट्यूब हाताला लागत नाही, आणि एक पाय पायरीवर घ्यावा तर तो हलतो. खाली पावसाच्या छत्र्यांचं पाणी. संध्याकाळी सातची वेळ, येणारे-जाणारे चालूच. उजव्या मांडीचं हाड मोडलं. शुद्धीवर होते. वर आलेल्या माणसाला त्यांनी आधी सांगितलं, की होल्डर उघडा आहे, हात लावू नका.

दवाखान्याचा निम्मा खर्च संकुलाने दिला. तक्रारवहीत त्या दिवशीची नोंद मी नंतर पाहिली. तक्रार: जिना 3-4, ट्यूब बंद. पुढे दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात: बदलली.

एकदम बदलल्या असत्या तर अब्बा शिडीवर कमी वेळा चढले असते असं नाही. उलट जास्त वेळा. 514 आणि वर चाळीस. पण त्या चढण्याला दिवस ठरलेला असता. रविवार, संकुल बंद, दिवसाउजेडी, मेन स्विच खाली, कोणी घोडा धरलेला. अंधारात, घाईत, गर्दीत जे चढावं लागतं, ते टळलं असतं. हा फरक माझ्या कागदावर कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

त्यानंतर दिव्यांची दुनियाच बदलली. सरकारी खरेदीत एलईडी बल्ब 2014 साली 310 रुपयांना पडत होता, तो 2016 मध्ये 38 रुपयांवर आला. जुनी ट्यूब चोकसकट 52 वॅट खायची, एलईडीची पट्टी 20 मध्ये भागवते. अब्बांच्या त्या 360 ट्यूबांवर मी गंमत म्हणून मांडून पाहिलं: वर्षाला 57,600 युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरले तरी पावणेसहा लाख. आणि आम्ही हजार रुपयांसाठी बसलो होतो.

लोकांना वाटतं एलईडी आली, देखभाल संपली. संपत नाही. खोक्यावर 25,000 तास लिहिलेले असतात, पण आतला ड्रायव्हर उष्णतेने आणि व्होल्टेजच्या झटक्यांनी त्याच्या आधीच जातो. एखादीच पट्टी बदलली तर नवीचा रंग जुनीशी जुळत नाही, पॅसेज ठिगळ लावल्यासारखा दिसतो. आणि एलईडी फडफडून ओरडत नाही. ती वर्षानुवर्षं हळूहळू मंद होत जाते, 70 टक्क्यांवर येते आणि तक्रारवहीत एक ओळही येत नाही. म्हणून मी दर सहा महिन्यांनी लक्स मीटर घेऊन फिरतो आणि त्याच त्याच खुणांवर उजेड मोजतो. एका इमारतीत मधल्या चौकात चाळीस फुटांवर दिवे आहेत. तिथे मात्र सगळे एकदम बदला म्हटलं की व्यवस्थापन लगेच मान्य करतं, कारण परांचीचं बिल दर वेळी वेगळं येतं.

तर तो तक्ता. यंदा मजुरीच्या रकान्याआधी मी आणखी दोन रकाने टाकले: शिडी धरायला माणूस, आणि काम दिवसा की रात्री. जिन्यांचे टप्पे सगळे रविवारी, सकाळी, दोन माणसं. वरिष्ठांनी एक प्रश्न विचारला आणि सही केली.

घरी आणून अब्बांना दाखवला. ते आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत, काठी घेऊन चालतात. चष्मा लावून त्यांनी एकेक ओळ वाचली. 'धुणे' पाशी हसले. जिन्याच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ये हेल्पर कागज पे है के सच्ची में है?"

"सच्ची में है, अब्बा."

"नाम क्या उसका?"

मला सांगता आलं नाही. कंत्राटदाराचा माणूस, दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो. अब्बांनी कागद घडी घालून माझ्याकडे परत दिला आणि अम्मीला चहाचं विचारलं.